जिल्हा परिषद नव्हे, तालुक्याची परिषद : इंग्लंडमधील निकालांविषयी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंग्लंडमध्ये ४ मे २०२३ रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांचे निकाल आपल्या दैनिकाने दखल घेऊन छापले, याबद्दल प्रथम आभार. कराडहून धाकट्या भावाने त्या बातमीचे कात्रण पाठवले, ते माझ्या हाती उशिरा पडले, म्हणून हे पत्रही उशिराच येत आहे. जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत पंतप्रधान सुनक यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा धुव्वा उडाला, अशा आशयाचा मथळा त्या बातमीला होता. बातमीतील आकडे बरोबर होते. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. ज्या संस्थांसाठी हे मतदान झाले त्यांना जिल्हा परिषद म्हणणे चुकीचे आहे, आणि त्या चुकीमुळेच निकालाचा अर्थही अर्धवट लागला आहे. मी गेली अकरा वर्षे सफोक परगण्यातील स्टोमार्केट या गावी राहतो आणि ज्या परिषदेच्या निकालाची यंदा इंग्लंडभर चर्चा झाली, त्याच मिड सफोक परिषदेचा मतदार आहे. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

नावापासून सुरुवात करतो. शब्दकोशात 'डिस्ट्रिक्ट' या शब्दासमोर 'जिल्हा' असे लिहिलेले असते, त्यामुळे 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल' म्हणजे जिल्हा परिषद असे भाषांतर सहज होते. परंतु इंग्लंडच्या ग्रामीण व निमशहरी भागात कारभाराची उतरंड वेगळी आहे. वर काउंटी, तिच्या पोटात पाच ते बारा डिस्ट्रिक्ट आणि त्याखाली गावोगावच्या पॅरिश परिषदा. काउंटीला आपल्या शालेय पुस्तकांत 'परगणा' असा छान शब्द होता, तो का मागे पडला कोण जाणे. शाळा, मोठे रस्ते सोडून बाकीचे रस्ते, वाचनालये आणि वृद्धांची व अपंगांची देखभाल ही खर्चाची मोठी कामे परगण्याकडे असतात. आपल्या जिल्हा परिषदेशी तुलना करायचीच असेल तर ती परगण्याच्या परिषदेशी करावी लागेल. डिस्ट्रिक्टची जागा आपल्या तालुक्याची आहे आणि पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत. माझे वडील पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. सभापतींच्या दालनाबाहेर बाकावर बसून मी शाळेचा अभ्यास केलेला आहे. स्टोमार्केटला आल्यावर इथल्या परिषदेचे कामकाज पाहिले तेव्हा मला आठवली ती पंचायत समिती. साताऱ्याच्या जिल्हा परिषदेची आठवणसुद्धा झाली नाही.

अर्थात तुलना तंतोतंत जुळत नाही, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती या दोन्ही संस्था १९६१ च्या एकाच कायद्याने निर्माण झाल्या आणि पंचायत समिती ही बऱ्याच बाबतींत जिल्हा परिषदेच्या ओंजळीने पाणी पिते. इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट १९७२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ पासून अस्तित्वात आले, आणि ते परगण्याच्या हाताखालचे नाहीत. त्यांचे अधिकार वेगळे, अंदाजपत्रक वेगळे आणि निवडणुकीचे वर्षही बहुधा वेगळे असते. आकाराचा फरक तर मोठाच आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार संपूर्ण सफोक परगण्याची लोकसंख्या साडेसात लाखांहून थोडी अधिक, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याइतकी. त्यात पाच डिस्ट्रिक्ट. आमच्या मिड सफोकची लोकसंख्या एक लाख दोन हजार सातशे आणि परिषदेचे सदस्य ३४. गंमत अशी की या परिषदेचे मुख्य कार्यालय स्वतःच्या हद्दीतही नाही. ते इप्सविच शहरात, परगण्याच्याच इमारतीत आहे आणि शेजारच्या बाबर्ग परिषदेशी कर्मचारीही सामाईक आहेत. एप्रिल २०२३ मध्ये कंब्रिया, उत्तर यॉर्कशर आणि सॉमरसेट या तीन परगण्यांतली ही दुमजली रचना मोडून एकस्तरीय परिषदा आल्या, त्यामुळे १७ डिस्ट्रिक्ट नाहीसे झाले व आता देशात २१ परगणा परिषदा आणि १६४ डिस्ट्रिक्ट उरले आहेत. यंदा मे महिन्यात एकंदर २३० परिषदांसाठी मतदान झाले, त्यांत बहुसंख्य डिस्ट्रिक्ट होते आणि उरलेल्या मोठ्या शहरांच्या व एकस्तरीय परिषदा होत्या. परगणा परिषदांची निवडणूक यंदा नव्हतीच. म्हणजे ज्या संस्थेला जिल्हा परिषद म्हणता आले असते, नेमक्या तिच्याच जागांसाठी मत पडले नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही, कारण मतदार कशावर मत देतो हे त्या संस्थेच्या अधिकारांवर ठरते. डिस्ट्रिक्टच्या हातात काय असते? घरोघरचा कचरा उचलणे (त्याची पुढची विल्हेवाट मात्र परगण्याकडे), बेघरांची सोय, भाड्याची सरकारी घरे, हॉटेले व दारूची दुकाने यांचे परवाने, अन्नाच्या स्वच्छतेची तपासणी, वाहनतळ, पोहण्याचे तलाव आणि मतदारयादी. कौन्सिल टॅक्स नावाची घरपट्टीही डिस्ट्रिक्टच गोळा करतो. पण त्या पावतीतला सर्वांत मोठा वाटा परगण्याचा असतो, पोलिसांचा वेगळा, आणि डिस्ट्रिक्टच्या पदरात साधारण दहावा हिस्सा पडतो. वसुलीची कटकट एकाची, पैसा दुसऱ्याचा. या सगळ्या यादीत एक अधिकार मात्र असा आहे की ज्याच्यामुळे या छोट्या परिषदांसाठी माणसे हमरीतुमरीवर येतात : जमिनीवर काय बांधायचे आणि काय बांधू द्यायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार. कोणत्या शेतात दोनशे घरांची वसाहत उभी राहणार, कोणत्या गावाच्या वेशीवर गोदाम येणार, कोणाला ओसरी वाढवायची परवानगी मिळणार, हे सारे इथे ठरते. महाराष्ट्रात अकृषक परवानगीसाठी कोणाकोणाच्या दारात जावे लागते हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. ते सगळे दरवाजे एकत्र करून निवडून आलेल्या ३४ माणसांच्या हाती दिले, तर निवडणुकीला कशी धार येईल याची कल्पना करावी.

मतदानाच्या दिवसाबद्दलही थोडे सांगतो. यंदा त्यात नवीन काही घडले, आणि मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध आहे. भारताचे नागरिकत्व न सोडता इंग्लंडमध्ये रीतसर राहणाऱ्या व्यक्तीला राष्ट्रकुलातील देशाची नागरिक म्हणून इथे मतदार होता येते, नगरसेवकपदापासून संसदेपर्यंत मत देता येते आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर निवडणुकीला उभेही राहता येते. मी आजही भारताचाच नागरिक आहे. कराडला मत द्यायचे तर परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवूनही मला स्वतः मतदान केंद्रावर हजर व्हावे लागते, आणि ते आजवर जमलेले नाही. स्टोमार्केटमध्ये मात्र मी निवडणूक असेल त्या मे महिन्यात पायी जाऊन मत देऊन येतो. पूर्वी नाव आणि पत्ता तोंडी सांगितला की मतपत्रिका हातात पडत असे. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची आणि कागद पेटीत टाकायचा. दाराशी लोकांनी आणलेली कुत्री बांधलेली असतात, तो तर इथल्या मतदानाचा एक उत्सवच झाला आहे. २०२२ च्या निवडणूक कायद्यामुळे यंदा प्रथमच इंग्लंडमध्ये छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे झाले. मी भारतीय पारपत्र दाखवले. राष्ट्रकुलातील देशांचे पारपत्र मान्य ओळखपत्रांत मोडते, त्यामुळे अडचण आली नाही. केंद्रावरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले, माझ्या जुन्या फोटोतल्या मिशा बघून किंचित हसल्या आणि मतपत्रिका दिली.

सगळ्यांचे काम इतके सहज झाले नाही. निवडणूक आयोगाने जूनमध्ये काढलेल्या प्राथमिक अहवालानुसार केंद्रावर पोहोचलेल्या मतदारांपैकी किमान ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे १४,००० माणसे, ओळखपत्राअभावी मत न देताच राहिली. दारातूनच माघारी गेलेल्यांची यात गणती नाही आणि घराबाहेरच न पडलेल्यांची तर नाहीच. साठी ओलांडलेल्यांचा बसचा पास चालतो, विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास चालत नाही, हा भेद कशासाठी याचे पटण्यासारखे उत्तर सरकारने दिलेले नाही. त्याहून मासलेवाईक गोष्ट पुढे घडली. सत्ताधारी हुजूर पक्षाचेच माजी मंत्री जेकब रीस-मॉग यांनी निकालानंतर एका जाहीर परिषदेत बोलून टाकले की मतदानात आपल्या सोयीचे फेरफार करू पाहणाऱ्यांच्या क्लृप्त्या त्यांच्याच अंगाशी येतात, आणि या सक्तीचा फटका आपल्याच वयोवृद्ध मतदारांना बसला. भारतात मतदार ओळखपत्राची सवय तीन दशकांची आहे, त्यामुळे सक्ती हा शब्द आपल्याला टोचत नाही. पण आपल्याकडे ते ओळखपत्र सरकारने घरोघर पोहोचवले होते. ज्या देशात राष्ट्रीय ओळखपत्रच नाही तिथे आधी अट घालायची आणि मग ज्याला हवे त्याने मोफत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा असे म्हणायचे, हा क्रम मला उलटा वाटतो.

आता प्रत्यक्ष निकाल. हुजूर पक्षाने एक हजार साठहून अधिक जागा गमावल्या. निवडणुकीपूर्वी त्यांचे अध्यक्ष ग्रेग हँड्स हजार जागा जातील असे भाकीत सांगत फिरत होते. आकडा मुद्दाम फुगवून सांगायचा, म्हणजे नंतर सातशे गेल्या तरी बरेच निभावले असे म्हणता येते, हा त्यामागचा हिशेब सर्वांना कळत होता. प्रत्यक्षात तो फुगवलेला आकडाही अपुरा पडला. मजूर पक्षाला पाचशेहून अधिक जागांचा लाभ झाला आणि २००२ नंतर प्रथमच स्थानिक परिषदांत सर्वाधिक सदस्य असलेला पक्ष तो ठरला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने चारशेहून अधिक आणि ग्रीन पक्षाने सुमारे २४० जागांची भर घातली. आपल्या बातमीत हे सर्व होते. नव्हता तो मागचा संदर्भ. याच जागांची यापूर्वीची निवडणूक २ मे २०१९ रोजी, थेरेसा मे पंतप्रधान असताना, ब्रेक्झिटच्या रखडपट्टीत झाली होती आणि तेव्हाच हुजूर पक्षाने १,३०० हून अधिक जागा घालवल्या होत्या. म्हणजे यंदाची घसरण ही शिखरावरून झालेली नाही. आधीच दरीत असलेला पक्ष आणखी खाली गेला आहे. त्या वर्षी मजूर पक्षाच्याही जागा घटल्या होत्या, हे लक्षात घेतले तर मजूर पक्षाच्या यंदाच्या लाभातही काही भाग केवळ जुनी जागा परत मिळवण्याचा आहे, हे दिसते.

सुनक यांच्यावरील नाराजीचा या निकालात वाटा नाही असे मी म्हणत नाही. बोरिस जॉन्सन यांच्या काळातील टाळेबंदीतल्या मेजवान्या, लिझ ट्रस यांच्या सप्टेंबर २०२२ च्या अर्थसंकल्पाने घरकर्जाच्या व्याजाला लागलेली आग आणि महागाई ही कारणे देशभर होती. पण देशभर एकच वारे वाहत असेल तर सगळीकडची झाडे एकाच बाजूला झुकायला हवीत. तसे झाले नाही.

आमच्या मिड सफोकचेच बघा. हा शेतीचा, छोट्या गावांचा, वर्षानुवर्षे हुजूर पक्षाकडे झुकलेला मुलूख. इथे मजूर पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा जिंकल्या, हुजूर पक्षाकडे ६ उरल्या आणि लिबरल डेमोक्रॅटांकडे ४. इंग्लंडमध्ये एखाद्या परिषदेत ग्रीन पक्षाला निर्भेळ बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती विद्यापीठाच्या शहरात न येता बार्ली आणि बीट पिकवणाऱ्या तालुक्यात आली, याचे लंडनच्या पत्रकारांना भारी नवल वाटले. आम्हा गावकऱ्यांना तेवढे वाटले नाही. २०१९ मध्येच या पक्षाकडे १२ जागा होत्या. मधल्या चार वर्षांत त्यांचे सदस्य काय करत होते हे मी पाहिलेले आहे : पॅरिशच्या बैठकीला हजर राहणे, बांधकामाच्या अर्जावर गावाच्या वतीने हरकत लिहून देणे, निवडणूक नसतानाही दर दोन-तीन महिन्यांनी एका पानाचे पत्रक घरोघर टाकणे. त्या पत्रकात हवामानबदल शेवटच्या ओळीत असे. पहिली ओळ गावातल्या बंद पडलेल्या बसची किंवा ओढ्यात सोडलेल्या सांडपाण्याची. आपल्याकडे याला 'संपर्क' म्हणतात, आणि जुने पुढारी त्यावरच तीस-तीस वर्षे निवडून येत. पक्षाचे नाव हरित असले तरी पद्धत जुन्या सहकारी कार्यकर्त्याची आहे.

घरबांधणीचा प्रश्न इथे मुळाशी आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. दरवर्षी तीन लाख घरे बांधण्याचे वचन हुजूर पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात दिले होते. तो आकडा वरून खाली वाटला जातो, आणि पुढील पाच वर्षे पुरेल इतकी जमीन घरांसाठी राखून ठेवल्याचे डिस्ट्रिक्टला कागदोपत्री दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही, तर विकासकाचा अर्ज फेटाळणे अवघड होते. तो ब्रिस्टलच्या नियोजन निरीक्षणालयाकडे अपील करतो आणि तिथून नियुक्त झालेला निरीक्षक गावाच्या विरोधाला न जुमानता परवानगी देऊ शकतो. मत मागायला आलेल्या उमेदवाराला लोक विचारतात, आमच्या शेताचे काय केलेत? तो म्हणतो, आमचा हात बांधलेला होता. हे उत्तर एकदा चालते, तिसऱ्यांदा चालत नाही. केंद्रीय मंत्री मायकेल गोव्ह यांनी डिसेंबर २०२२ मध्ये ही उद्दिष्टे केवळ मार्गदर्शक राहतील असे जाहीर केले, ते स्वपक्षाच्या खासदारांच्या दबावाखाली. तोवर फार उशीर झाला होता. स्थानिक कारभाराचे खाते सांभाळणाऱ्या याच गोव्ह यांच्या मतदारसंघातील सरे हीथ परिषदेत यंदा लिबरल डेमोक्रॅटांनी सत्ता मिळवली, यापरता बोलका निकाल नाही.

मला स्वतःला या विरोधाबद्दल संमिश्र वाटते. आपले घर झाले की मागून येणाऱ्याचे घर नको, ही वृत्ती इथे भरपूर आहे, आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या तरुण मुलांना तीस वर्षांच्या कर्जावरही छोटेसे घर परवडत नाही. दुसरीकडे, जिथे दवाखान्यात नाव नोंदवायला जागा नाही आणि शाळेचे वर्ग भरलेले आहेत, तिथे नुसती घरे ओतली तर चिडलेल्या माणसाला स्वार्थी म्हणणेही योग्य नाही. कारण दवाखाना आणि शाळा या दोन्ही गोष्टी डिस्ट्रिक्टच्या हातात नाहीत. बहुमत मिळवलेल्या ग्रीन पक्षासमोर आता हाच पेच आहे. नॉर्विचहून टिलबरीपर्यंत विजेचे उंच मनोरे नेण्याची योजना सफोकमधून जाते. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज शहरांकडे न्यायची आहे, म्हणजे हेतू हरितच. पण शेतातून जाणाऱ्या मनोऱ्यांना गावांचा कडवा विरोध आहे, आणि निर्णय केंद्र सरकारचा. सत्ता मिळवणे तुलनेने सोपे होते, असे नव्या सदस्यांना लवकरच वाटू लागेल.

अशीच वेगळी चव असलेले निकाल इतरत्रही लागले. नॉटिंगहॅमशरमधील ॲशफील्ड हा जुना कोळसा खाणींचा भाग. तिथून संसदेवर गेलेले ली अँडरसन हे या निवडणुकीच्या वेळी, २०२३ मध्ये, हुजूर पक्षाचे उपाध्यक्ष होते. पण तिथल्या परिषदेत ३५ पैकी ३२ जागा 'ॲशफील्ड इंडिपेंडंट्स' या स्थानिक आघाडीने जिंकल्या. दोन्ही मोठे पक्ष मिळून तीन! आपल्या 'शहर विकास आघाडी' छापाच्या राजकारणाशी याचे नाते आहे, हे नगरपालिका जवळून पाहिलेल्या वाचकाला लगेच कळेल. शेक्सपिअरच्या गावाची परिषद, स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हनची, हुजूर पक्षाकडून लिबरल डेमोक्रॅटांकडे गेली. हर्टफर्डशरच्या पूर्व भागात ग्रीन पक्ष सर्वांत मोठा ठरला. आणि त्याच निवडणुकीत ब्रायटनमध्ये, जिथे २०२३ मध्ये या पक्षाचा एकमेव खासदार होता, तिथे मात्र मजूर पक्षाने ५४ पैकी ३८ जागा घेऊन ग्रीन पक्षाला ७ वर आणले. कारभार हाती असताना शहर नीट सांभाळले नाही, हा तिथला राग होता. लेस्टर शहराची बातमी भारतीय माध्यमांनी उचलून धरली, कारण तिथे भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि हुजूर पक्षाने तिथे १७ जागा मिळवल्या. पण त्यामागे मजूर पक्षाने स्वतःच्या अनेक विद्यमान नगरसेवकांची तिकिटे कापल्याचेही कारण होते, ते बहुतेक बातम्यांत गळले. देशभर आपटी खाणारा पक्ष एका शहरात वर येतो आणि देशभर चढणारा पक्ष एका शहरात कोसळतो, या दोन्ही गोष्टी एकाच मथळ्यात मावत नाहीत.

मतदानाच्या टक्केवारीचाही विचार करावा. यंदा ती सुमारे ३२ होती, म्हणजे तिघांतला एकच मत द्यायला गेला. या एक-तृतीयांश लोकांच्या मतांवरून सार्वत्रिक निवडणुकीचे गणित मांडण्याचा इथल्या वाहिन्यांना नाद आहे. बीबीसीने देशभर मतदान झाले असते तर मजूर ३५, हुजूर २६ आणि लिबरल डेमोक्रॅट २० टक्के असा अंदाज मांडला. स्काय वाहिनीने मजूर पक्षाला संसदेत २९८ जागा, म्हणजे बहुमताला २८ कमी, असे भाकीत केले. मिड सफोकमध्ये ग्रीन पक्षाला मत देणारी माझी शेजारीण संसदेला कोणाला मत देणार हे तिला स्वतःलाही अजून ठाऊक नाही. ती मला म्हणाली की तिने माणसाला मत दिले. अशा मतांची बेरीज करून पंतप्रधान ठरवणे म्हणजे गावच्या जत्रेतल्या कुस्तीवरून ऑलिंपिकचे पदक वाटण्यासारखे आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी राजा चार्ल्स यांचा राज्याभिषेक होता, त्यामुळे तालुक्या-तालुक्यांच्या तपशिलात शिरायला इथल्या वर्तमानपत्रांनाही सवड झाली नाही. शुक्रवारी दुपारी बेरीज छापली आणि शनिवारी सोन्याची बग्गी.

कात्रण वाचताना एक गोष्ट मात्र मनात सलत राहिली, ती लिहितो. इंग्लंडमध्ये या निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. करोनाच्या साथीत २०२० च्या निवडणुका कायदा करून एक वर्ष पुढे ढकलाव्या लागल्या, पण २०२१ मध्ये त्या झाल्या. आमच्या साताऱ्यासह महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून हे पत्र लिहीपर्यंत, म्हणजे जून २०२३ पर्यंत, तिथे प्रशासकच आहेत. मुंबई महापालिकेचीही तीच स्थिती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात आहे हे मला माहीत आहे, आणि तो वाद क्षुल्लक नाही. इथे तर कोणत्याही प्रकारचे आरक्षणच नाही. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, हे इथल्या सदस्यांना सांगितले की ते आश्चर्याने पाहतात, आणि त्या बाबतीत त्यांनी आपल्याकडून शिकावे असे माझे मत आहे. परंतु ज्या संस्थेत वडिलांनी आयुष्य घालवले, त्या पंचायत समितीत आज सभापतींची खुर्ची रिकामी आहे, गण आणि गट कोणाचे हे सांगता येत नाही, आणि भावाला गावच्या पाणीयोजनेची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांशिवाय कोणाकडे नेता येत नाही. आपल्या दैनिकाने परदेशातील 'जिल्हा परिषदां'चा निकाल पहिल्या पानावर दिला, त्याच अंकात आपल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीबद्दल एक ओळही नव्हती. असायला निवडणूक हवी ना!

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी या संस्थांचा उल्लेख करताना 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल' हा मूळ शब्द तसाच ठेवावा, किंवा मराठीच हवा असेल तर 'तालुकास्तरीय परिषद' म्हणावे, आणि 'काउंटी'साठी आपला जुना 'परगणा' परत आणावा. एकूण बेरजेच्या चौकटीबरोबर दोन-चार परिषदांचे निकाल, तिथल्या कारणांसह, वेगळे द्यावेत. मिड सफोकच्या नव्या परिषदेच्या बैठका लोकांना खुल्या असतात आणि त्यांचे चित्रण घरबसल्याही पाहता येते. बांधकाम अर्जांच्या एका बैठकीला मी प्रेक्षक म्हणून जाणार आहे. त्या दिवशीच्या कामकाजात माझ्या गल्लीच्या टोकाच्या शेताचा अर्ज आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
स्टोमार्केट, सफोक (इंग्लंड)
मूळ गाव : ता. कराड, जि. सातारा
३० जून २०२३